लाल दिवा लागलेला असताना

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक देशपांडे काका यांनी मला फोन केला. म्हणाले, "वृंदा, तुझ्या कानांच्या धंद्यावर लिही. गमतीदार गिऱ्हाइकं, बहिरेपणाचे किस्से, असं हलकंफुलकं. बाकीचं नको." मी विचारलं, "बाकीचं म्हणजे काय, काका?" तर म्हणाले, "अगं, तुला कळतंय." कळतंय तर. लखनौमधल्या लोकांना ऐकू यावं म्हणून मी इतकी वर्षं झटते आहे, आणि मला मात्र जो तो सांगत असतो की हे बोल आणि ते बोलू नकोस. तेव्हा काका, रागावू नका. गमतीदार गिऱ्हाइकं येतील, पण मी बाकीचंच लिहिणार आहे. छापायचं नसेल तर परत पाठवा.

ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कुणाला किती ऐकू येतं ते तपासायचं, कमी येत असेल तर कानाचं मशीन बसवायचं आणि ते त्या माणसाच्या कानाला जुळवून द्यायचं, हे माझं काम. हजरतगंजच्या मागच्या एका गल्लीत आमचं क्लिनिक आहे. बाबा मूळचे सातारा जिल्ह्यातले, फौजेत सुभेदार होते. त्यांचं शेवटचं पोस्टिंग लखनौ छावणीत झालं आणि निवृत्तीनंतर तेलीबागेत घर बांधून आम्ही इथलेच झालो. बाबा आता नाहीत. आई आणि मी असतो.

कान तपासायला एक बूथ लागतो. बूथ म्हणजे खोलीतली खोली. भिंती जाड, दार शीतगृहाच्या दारासारखं जड, आत बाहेरचा आवाज म्हणून येत नाही. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. मी बाहेर काचेपलीकडे मशीनपाशी. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच पेशंटचं काम. यात कुणी फसवाफसवी करत असेल असं तुम्हाला वाटणार नाही. पण आमचे एक रिटायर्ड कर्नल साहेब आहेत, छावणीतून येतात. त्यांचा रिपोर्ट पहिल्यांदा इतका चांगला आला की मी चक्रावले, कारण समोर बसून मी काय बोलते आहे ते त्यांना चार वेळा सांगावं लागत होतं. मग लक्षात आलं की ते काचेतून माझ्या हाताकडे बघत होते. माझा हात हलला की ते बटण दाबायचे. मी काचेला पडदा लावून घेतला आणि परत तपासलं, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. कर्नल साहेब मोठ्यानं म्हणाले, "मैडम, आपने तो रसद ही काट दी!" सगळं मोठ्यानंच बोलतात. ऐकू न येणारी माणसं जगालाही ऐकू येत नाही असं धरून चालतात.

लखनौजवळच्या बख्शी का तालाबचा एक पीठचक्कीवाला आठवतो. त्याचं म्हणणं, हवाई दलाच्या विमानांनी त्याचे कान नेले. एकदा तिथल्या हवाई तळाच्या गेटवर जाऊन भांडूनही आला होता. मी म्हटलं, भैया, विमान येतं आणि जातं, तुमची चक्की दिवसभर कानाशी चालू असते. त्याला ते इतकं लागलं की उठून गेला. आठवड्यानं बायकोला घेऊन परत आला. बायको पदराआडून म्हणाली, "हम कब से कह रहे थे, हमारी सुनते कहाँ हैं।" हे वाक्य मी रोज ऐकते, पण इतक्या समाधानानं म्हटलेलं त्या दिवशीच ऐकलं.

आमच्या धंद्याचं निम्मं काम मात्र लपवाछपवीचं असतं. चष्मा लोक मिरवतात, कानाच्या मशीनची सगळ्यांना लाज वाटते. मशीन दिसता कामा नये, डबी साध्या पिशवीत हवी. आमच्या रिसेप्शनवर शालिनी म्हणून मुलगी आहे, ती गिऱ्हाइकांच्या घरी फोन करते तेव्हा सांगते, "जी, चश्मे की दुकान से बोल रही हूँ," कारण सासूबाईंना कमी ऐकू येतं हे सुनेला कळायला नको असतं. एका बड्या वकिलांसाठी आम्ही मागचं दार उघडतो. आमचे मालक खन्ना साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: "पेशेंट की इज़्ज़त उसके कान से पहले।" वाक्य चांगलं आहे. मीही ते कितीदा वापरलं आहे.

आणखी एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बूथच्या दाराला आतून कडी नसते. आत बसलेल्या माणसाला कोंडल्यासारखं होऊ शकतं, चक्कर येऊ शकते, तेव्हा दार बाहेरून केव्हाही उघडता यायला हवं. कडीऐवजी दारावर लाल दिवा असतो. तपासणी चालू असली की दिवा लावायचा, आणि दिवा लागलेला असताना दाराला कुणी हात लावायचा नाही. मालकानंसुद्धा नाही. झाडूवाला बादली घेऊन उभा राहतो, पण दार उघडत नाही. आमच्या धंद्यात एवढं एकच सोवळं आहे आणि मी लागले तेव्हापासून ते कुणी मोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी इथे नोकरीला लागले तेव्हा माझं नाव वेगळं होतं. ते मी सांगणार नाही, माझं ते कधी नव्हतंच. नोकरीत असतानाच मी नाव बदललं, कागदपत्रं बदलली, सलवार-कमीज घालून कामावर येऊ लागले. गिऱ्हाइकं दचकतील अशी मला धास्ती होती. पहिल्याच सकाळी जुन्या लखनौच्या चौक भागातल्या एक बेगम साहिबा आल्या, मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा, तो अब आप मैडम हैं। बैटरी बदल दीजिए, सुबह से सीटी मार रही है।" विषय संपला. खन्ना साहेबांनी माझ्याबरोबर फोटो काढून क्लिनिकच्या पेजवर टाकला. खाली लिहिलं, आम्हाला अभिमान आहे. त्या फोटोवर पुष्कळ बदाम आले. शस्त्रक्रियेसाठी दिल्लीला गेले तेव्हाही त्यांनी सुट्टी अडवली नाही, हे कबूल केलं पाहिजे.

त्रास सुरू झाला तो परत आल्यावर.

परत आल्यावर पहिला आठवडा प्रत्येकानं मला एकच विचारलं. "सब हो गया?" डोळे माझ्या चेहऱ्यावर नसायचे. पित्ताशय काढून आलेल्या माणसाला कुणी असं विचारत नाही. मी बसायला मध्ये भोक असलेली गोल उशी आणली होती, तिचीही चर्चा झाली. मी हसण्यावारी नेलं. हसण्यावारी नेणं ही आम्हा लोकांची जादाची नोकरी आहे, तिला रविवारही नसतो.

आता मी जे सांगणार आहे ते काका कापतील अशी मला शंका आहे, म्हणून अगदी सरळ सांगते. या शस्त्रक्रियेत शरीरात एक नवा मार्ग तयार करतात. शरीर त्याला जखम समजतं. जखम भरून काढणं हे शरीराचं काम, आणि ते तो मार्ग इमानेइतबारे बुजवायला लागतं. तो बुजू नये म्हणून कित्येक महिने दिवसातून तीनदा डायलेटर, म्हणजे एक गुळगुळीत कांडी, आत ठेवून आडवं पडून राहावं लागतं. हात धुवायचे, जेल लावायचं, श्वास सोडत कांडी सावकाश आत घ्यायची, नंतर कोमट पाण्यानं स्वच्छ करायचं. घाई केली तर रक्त येतं. रोज दुखतं. एवढंच आहे. यात चावट काही नाही आणि गूढही काही नाही. फिजिओथेरपी असते तसं आहे. दिल्लीच्या डॉक्टरीणबाईंनी मला घरी सोडताना बोट दाखवून बजावलं होतं, "दोपहर वाला मत छोड़ना। सब यही छोड़ती हैं, नौकरी पर जाते ही। बंद हो गया तो दोबारा खोलना मेरे हाथ में नहीं रहेगा।"

सकाळचं आणि रात्रीचं घरी व्हायचं. आईनं श्रीखंडाचा चक्का बांधायचं तिचं मऊ मलमलचं फडकं त्यासाठी फाडून दिलं. पाणी तापवून द्यायची आणि बाहेरून विचारायची, "व्यायाम झाला का?" ती त्याला व्यायामच म्हणते. बाबांच्या गुडघ्याची वाटी बदलली होती तेव्हाही तिचा हाच शब्द होता. फरक एवढाच की बाबांचा व्यायाम बघायला अख्खी गल्ली यायची आणि चहा पिऊन जायची.

प्रश्न दुपारचा होता. जेवणाच्या सुट्टीत तेलीबागेला जाऊन परत येणं होत नाही, छावणीतल्या रिकाम्या रस्त्यानं गेलं तरी दोन्ही टोकांना गर्दी असतेच. म्हणून मी रुजू होतानाच खन्ना साहेबांकडे गेले. क्लिनिकच्या मागे एक स्टोअर आहे. त्यात बंद पडलेली मशीनं, जुने बोर्ड आणि रिकामे खोके पडून असतात. मी म्हटलं, खोके एका बाजूला सारून मला एक माणूस आडवा होईल एवढी जागा आणि दाराला आतून कडी द्या. दुपारी थोडा वेळ, काही महिने. वैद्यकीय गरज आहे.

"वहाँ माल रहता है मैडम, जगह कहाँ है?" ते म्हणाले. "टॉयलेट है तो।"

आमचं टॉयलेट गिऱ्हाइकांचंही आहे. कडी अर्धी लागते, फरशी कायम ओली. त्या फरशीवर मी ताजी जखम घेऊन आडवं पडायचं, असं सुचवणारा माणूस स्वतःची केबिन दिवसातून दोनदा फिनेलनं पुसून घेतो.

राहिला बूथ. जेवणाच्या वेळी तो रिकामाच असतो. काचेला पडदा होता, ती कर्नल साहेबांची कृपा. आत एक चटई, एक चादर, थर्मासमध्ये कोमट पाणी. मी दिवा लावायचे आणि आत जायचे. बूथमध्ये इतकी शांतता असते की स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. माझे पेशंट आत का घाबरतात, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. कित्येक आठवडे सुरळीत गेलं. दुखणं कमी होत चाललं होतं. दिल्लीला तपासणी झाली तेव्हा डॉक्टरीणबाई "शाबाश" म्हणाल्या, आणि मी शाळेतल्या मुलीसारखी खूश होऊन परत आले.

तो दिवस थंडीतला, धुकं दुपारपर्यंत उतरलेलं नव्हतं. सकाळी एक लहान मुलगी तपासायला आली होती. मुलांची तपासणी खेळासारखी करावी लागते. बाहेरून माइकवर सारखं बोलत राहायचं, "बेटा, चिड़िया बोली? डिब्बे में गोटी डालो," आणि ते आतल्या स्पीकरवर मुलाला ऐकू जातं. त्यासाठी मशीनवरची एक कळ दाबून ठेवतात. मुलगी गेल्यावर ती कळ बंद करायची राहिली. दुपारी मी दिवा लावला, आत गेले, आडवी पडले. आणि थोड्या वेळानं त्या शांततेत, माझ्या डोक्याशी, शालिनीचा आवाज आला.

"सर, रोज़ यही होता है। लंच में बत्ती जलाकर अंदर। पेशेंट कोई नहीं।"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आणि खन्ना साहेब. "करती क्या हैं?"

"पता नहीं सर। बैग लेकर जाती हैं।"

"कोई साथ में तो नहीं होता?"

"देखा तो नहीं है..."

"देखो, हमने इज़्ज़त दी, सब किया। पर इन लोगों का कुछ कहा नहीं जा सकता। क्लिनिक का नाम है।"

इन लोगों का. ज्यांनी अभिमानाचा फोटो टाकला तो हा माणूस. माझ्याच स्पीकरवर, मीच जुळवलेल्या स्वच्छ आवाजात मी ते ऐकलं. आणि शालिनी, जी वकिलांसाठी मागचं दार उघडते, जी सुनांशी खोटं बोलून सासवांची अब्रू राखते, तिला दुपारी एक बाई बॅग घेऊन आत जाते एवढं गुपित पोटात ठेवता आलं नाही.

"दरवाज़ा खोलकर देख लेते हैं," साहेब म्हणाले.

मी ओरडले. "मत खोलिए! मैं अंदर हूँ, मत खोलिए!" बूथमधला आवाज बाहेर जात नाही. तो फक्त बाहेर मशीनपाशी टांगलेल्या हेडफोनमध्ये ऐकू येतो, आणि तो हेडफोन माझ्याशिवाय कुणी कानाला लावत नाही. मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि माझं त्यांना काहीच नाही. झटकन उठायची सोय नव्हती. तसं उठलं तर आत काय फाटेल याची मला पुरती कल्पना होती. मी चादर गळ्यापर्यंत ओढून धरली, तेवढं होईपर्यंत दार उघडलं.

माणसाकडून चूक होते. चुकून दार उघडलं तर माणूस "सॉरी" म्हणून लावून घेतो. खन्ना साहेब उभे राहिले. चटई, वर उचललेले गुडघे, चादर, शेजारी जेलची ट्यूब, सगळं त्यांनी निवांत पाहिलं. मी म्हटलं, "दरवाज़ा बंद कीजिए।" ते म्हणाले, "ये मेरे क्लिनिक में क्या हो रहा है?" मी परत म्हटलं. ते तरी उभेच. त्यांच्या खांद्यामागून शालिनी दिसत होती, आणि तिच्या मागे वेटिंगमधल्या खुर्च्यांचा कोपरा. उघड्या दारातून हॉलमधली हवा आत येत होती, ती पायांना गार लागली.

तेवढ्यात हॉलमधून आवाज आला. कर्नल साहेब त्या दिवशी वेळेच्या बरेच आधी येऊन बसले होते, ते नेहमीच तसे येतात.

"खन्ना! बत्ती लाल है।"

"जी, कर्नल साहब, वो ज़रा—"

"मैं पूछ रहा हूँ, बत्ती लाल है कि नहीं?"

"है, सर, पर अंदर—"

"अंदर जो है उससे न आपको मतलब, न मुझको। दरवाज़ा बंद कीजिए और पीछे हटिए।"

परेड ग्राउंडवरचा आवाज. गल्लीतही गेला असेल. दार बंद झालं. कर्नल साहेबांनी त्यानंतर आजवर त्या दिवसाचा चकार शब्द काढलेला नाही. आत काय होतं हे त्यांना माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छा नाही. आपल्या देशात असा माणूस दुर्मीळ आहे.

मी आत पडून रडले. सगळं आवरून घरी निघून जावं असं वाटलं. पण अंगाला अपमान कळत नाही, त्याला फक्त बुजायचं कळतं. म्हणून मी डोळे पुसले, हात परत धुतले आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुरा वेळ झाल्यावर बाहेर आले, दिवा बंद केला आणि कर्नल साहेबांचं मशीन जुळवून दिलं. माझा आवाज त्यांना नीट पोचला. मग मी केबिनमध्ये गेले.

साहेबांचा आवाज आधीच चढलेला होता. "आपको पहले बताना चाहिए था।"

"बताया था। जगह माँगी थी। मेडिकल ज़रूरत है, यही कहा था।"

"ये थोड़े ही कहा था कि किसलिए।"

तेव्हा माझा तोल सुटला, आणि तो सुटला याचं मला आजही बरंच वाटतं. दोन वर्षांपूर्वी खन्ना साहेबांचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं होतं. ते कामावर आले तेव्हा त्यांच्याही खुर्चीत मध्ये भोक असलेली उशी होती. दुपारी केबिनला आतून कडी लावून ते कोमट पाण्याच्या टबमध्ये बसायचे. पाणी शालिनी गीझरमधून भरून द्यायची. आम्ही सगळे दबक्या पावलांनी चालायचो.

"सर," मी म्हटलं, "आप यहीं टब में बैठते थे। किसी ने दरवाज़ा खोलकर देखा कि क्या हो रहा है?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "वो बीमारी थी!"

"और ये?"

"ये तो आपकी मर्ज़ी थी।"

मर्जी! हा शब्द मी तेव्हापासून चघळते आहे. बाबांनी गुडघा बदलला तो मर्जीनंच, कुणी धरून नेलं नव्हतं. लोक मोतीबिंदू काढतात, दात बसवतात, आणि आमच्याकडे येऊन कानात मशीन घालून घेतात, ते सगळं मर्जीनं. जगता यावं म्हणूनच माणूस शरीराला हात लावू देतो. मी किती वर्षं त्या शरीरात कशी राहिले ते मला माहीत आहे, आणि समजा नुसती मर्जी असती तरी काय? मर्जीनं झालेली जखम उघड्या दारात दाखवायची असते, असा काही नियम आहे का? जो अधिकार गिऱ्हाइकाला मशीन विकत घेताना आपोआप मिळतो, तो मला मागूनही मिळत नव्हता. मी पुन्हा स्टोअर मागितलं. "बोला न, जगह नहीं है," साहेब म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, समजूत घातल्यासारखं, "आप ऐसा कीजिए, लंबी छुट्टी ले लीजिए। पूरा ठीक होकर आइए।" मी म्हटलं, मी ठीकच आहे, ठीक राहण्यासाठीच दुपार हवी आहे. सुट्टीवर गेले असते तर जागेवर दुसरं कुणी आलं असतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी ते म्हणाले, "बूथ यूज़ कीजिए। पर कोई दरवाज़ा खोल दे तो मेरी ज़िम्मेदारी नहीं।"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत जाऊ शकले नाही. दिवा लावला, दाराशी उभी राहिले आणि परत फिरले. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या रात्री व्यायाम करताना आत असा अडसर लागला की मी ओठ चावून रक्त काढलं. बाहेर आले तेव्हा आई दारातच होती.

"दुपारचा व्यायाम हुईना व्हय?"

मी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर आई म्हणाली, "उद्या मी येते. दारात बसते."

"आई, तिथं लोक असतात."

"असूंदेत की. मी काय लोकांस्नी खाते?"

ती आली. धुतलेली सुती साडी, शाल, पिशवीत मटाराच्या शेंगा. शालिनीनं खुर्ची दिली. आईनं ती उचलून बूथच्या दाराला टेकवून ठेवली आणि मांडीवर ताट घेऊन शेंगा सोलत बसली. एका गिऱ्हाइकानं तिला विचारलं, "माताजी, आपका नंबर कब है?" आई म्हणाली, "मेरा नंबर नहीं। मेरी बेटी अंदर है, काम में है।" हे मला शालिनीनंच नंतर सांगितलं. सांगताना तिचे डोळे भरले होते. मी तिला माफ केलं नाही.

तेव्हापासून आई रोज येते. जेवणाआधी ऑटोनं येते, माझं झालं की ऑटोनं जाते. हे वाचून "किती गोड आई" असं कृपा करून कुणी म्हणू नका. मंडळातल्या दोघीतिघींनी म्हणून झालं आहे आणि मला ते ऐकवत नाही. तिचं वय झालं आहे, गुडघे धरतात, थंडीत खोकला येतो. एका शिकल्यासवरलेल्या, चांगली नोकरी असलेल्या बाईला डॉक्टरनं सांगितलेला उपचार करायचा तर तिच्या म्हाताऱ्या आईनं राखण करावी लागते, ही गोड गोष्ट नाही, लाजिरवाणी आहे. मला दारात आई नको होती. मला कडी हवी होती. आणि ज्यांना आई नाही, किंवा आहे पण जिनं घराचंच दार लावून घेतलं, त्या माझ्यासारख्या पोरी दुपारचं काय करत असतील? मला माहीत आहे काय करतात. दुपारचं सोडून देतात.

गेल्या महिन्यात क्लिनिकला नवं मशीन आलं. नवजात बाळांचे कान तपासायचं, बाळ झोपेत असताना. मशीन फार नाजूक, त्याला धूळ चालत नाही, गडबड चालत नाही, मध्येच कुणी दार उघडलेलं चालत नाही. सुतार आला, रंगारी आला. खन्ना साहेबांनी उद्घाटन केलं, लाडू वाटले. आई तिच्या खुर्चीत होती. साहेब तिलाही म्हणाले, "आइए माताजी, आप भी देखिए।" नाही म्हटलं तरी तिच्या वयाचा मान ठेवतात. तिच्या हातात लाडू देऊन ते तिला मागे घेऊन गेले. मीही गेले.

स्टोअर ओळखू येत नव्हतं. खोके नाहीत, बोर्ड नाहीत. भिंतींना फिका निळा रंग, खाली मऊ फरशी, आईला बाळ घेऊन पडता यावं म्हणून एक पलंग. दाराला आतून पितळी कडी. आईनं ती कडी एकदा लावून पाहिली, मग काढली.

"ये कमरा नया बनाया?" तिनं विचारलं.

"नहीं माताजी, यहीं था," साहेब कौतुकानं म्हणाले. "बस सामान भरा हुआ था। दो दिन में खाली करवा दिया।"

आई माझ्याकडे वळली. "दोन दिसांत?"

मी मान हलवली. आईनं हातातला लाडू साहेबांच्या डब्यात परत ठेवला आणि बूथपाशी जाऊन आपल्या खुर्चीत बसली, कारण दुपार झाली होती आणि मला आत जायचं होतं.